गच्चीवरचा सोलर काढून वीज पॅनल बसवायचे? माझा विरोध आहे

कोथरूडची गच्ची:
आमच्या सोसायटीच्या सभेत ठराव येतोय. पाणी तापवायचे जुने सोलर भंगारात काढायचे आणि त्या जागी वीज पॅनल बसवायचे. २०२४ साली पीएम सूर्यघर योजना आल्यापासून सगळ्यांचा ओढा तिकडेच आहे. एकेका घराला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, सोसायटीच्या सामायिक विजेसाठी किलोवॉटमागे १८,०००. सोलर बंबाच्या वाट्याला यातलं काही नाही.

अंघोळीचं १०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला साधारण साडेचार युनिट उष्णता लागते. पॅनलवर पडणाऱ्या उन्हाचा जेमतेम पाचवा हिस्सा वीज होतो. सोलरच्या कलेक्टरवर, म्हणजे ऊन शोषून पाणी तापवणाऱ्या भागावर, पडलेल्या उन्हातला निम्मा किंवा त्याहून जास्त भाग थेट पाण्यात उतरतो. २ चौरस मीटरच्या कलेक्टरवर एका घराचं काम भागतं. हवी आहे उष्णता, तर मध्ये वीज कशाला आणायची?

कारखान्यांनाही हेच लागू आहे. शिर्डीच्या प्रसादालयाच्या छतावर २००९ साली ७३ शेफलर तबकड्या, म्हणजे ऊन एका जागी गोळा करणारे आरसे, बसल्या आणि त्यांच्या वाफेवर हजारो भक्तांचा स्वयंपाक होऊ लागला. लातूरच्या महानंद डेअरीत १६० चौरस मीटरची तशाच आरशांची ‘अरुण’ तबकडी दुधाच्या पाश्चरायझेशनसाठी उभी राहिली, तिच्यामागे आयआयटी मुंबईच्या प्रा. शिरीष केदारे यांचं काम आहे. आपल्याच राज्यात हे झालंय, तर ते पसरत का नाही?

ठाण्याचा हिशेबनीस:
ताई, तुमचं गणित दहा वर्षांपूर्वी बिनतोड होतं. आता मध्ये हीट पंप आलाय, हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडणारं यंत्र. तो १ युनिट विजेवर साधारण ३ युनिट उष्णता देतो. म्हणजे तुमच्या साडेचार युनिटांना दीड युनिट वीज पुरते, आणि तेवढी वीज २ चौरस मीटर पॅनलवर निघते. जागा बरोबरीत सुटली.

आता वर्षाचा विचार करा. मे महिन्यात टाकीतलं पाणी उकळतं आणि कोणाला नको असतं, ती उष्णता वाया जाते. पॅनलची जास्तीची वीज महावितरणच्या खात्यात जमा होते आणि बिलातून वळती होते, याला नेट मीटरिंग म्हणतात. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, कशालाही वापरा. गच्ची एकच आहे, तिथे बहुगुणी वस्तूच बसवावी.

नाशिकचा प्लंबर:
मी दोन्ही बसवतो, म्हणून कोणाची बाजू घ्यायची गरज नाही. सोलर बंद पडतात ते उन्हामुळे नाही, पाण्यामुळे. बोअरचं जड पाणी असेल तर फ्लॅट प्लेटच्या, म्हणजे सपाट पेटीसारख्या कलेक्टरच्या, बारीक तांब्याच्या नळ्यांत पांढरा थर धरतो. खोलून बघा, अर्ध्या इंचाच्या नळीत काडी जाईल एवढीच वाट उरलेली असते. तिथे हीट एक्स्चेंजरवाली टाकी घ्यायची, म्हणजे क्षाराचं पाणी कलेक्टरमध्ये जातच नाही. काचेच्या नळ्यांच्या सोलरचं दुखणं वेगळं. टाकी रिकामी राहिली आणि भर दुपारी गार पाणी सोडलं, की नळी तडकते.

दुसरं, सात मजली इमारतीत गरम पाण्याची लाईन उघडी टाकलेली असते. तळमजल्यावरचा माणूस पहाटे आधी दोन बादल्या गार पाणी सोडतो, मग गरम येतं. वैतागून तो गिझर लावतो आणि सभेत म्हणतो, सोलर चालत नाही. लाईनला जाड इन्सुलेशन, गार झालेलं पाणी टाकीकडे नेणारी परतीची पाइप आणि छोटा पंप दिला तर तक्रार मिटते. हे काम बांधकामाच्या वेळी कोणी करत नाही. परवानगीपुरते सोलर गच्चीवर चढवायचे आणि मोकळं व्हायचं, असंच चालतं.

कोथरूडची गच्ची:
दादा, अगदी हेच आमच्याकडे झालंय. दोष पाइपचा आहे आणि शिक्षा सोलरला होतेय. ठाणेकर, मे महिन्याचं तुमचं म्हणणं मान्य. पण हीट पंप हे यंत्र आहे. त्यात कॉम्प्रेसर आहे, गॅस आहे. भरलेली सोलर टाकी वीज गेली तरी गरमच असते.

इचलकरंजीचा रंगारी:
कारखान्यांबद्दल बोलतो, कारण मी बॉयलरपाशीच असतो. तबकडीला थेट ऊन लागतं, ढगाळ उजेडाचा तिला उपयोग नाही. जून ते सप्टेंबर ती नुसती उभी. त्यामुळे बॉयलर ठेवावाच लागतो, तो चालवणारा फायरमन ठेवावाच लागतो. मालक विचारतो, मग वाचलं काय? वर आरसे पुसायला माणूस. देवस्थानाला हे जमतं. जॉबवर्क करणाऱ्या, म्हणजे दुसऱ्यांचं कापड रंगवून देणाऱ्या, प्रोसेस हाउसला मार्जिनच एवढं नसतं.

सांगलीची डेअरी:
मला कोथरूड आणि इचलकरंजी, दोघांचंही अर्धंच पटतं. वाफ करायचा हट्ट सोडा. बॉयलरचं फीड वॉटर, म्हणजे आत जाणारं पाणी, ६ अंशांनी तापलं की साधारण १ टक्का इंधन वाचतं, हा बॉयलरवाल्यांचा जुना ठोकताळा आहे. पण आधी कंडेन्सेट, म्हणजे वाफ थंड होऊन झालेलं गरम पाणी, परत आणा. ते परत येत असेल तर फीड वॉटर आधीच ८० अंशांच्या आसपास असतं, तिथे सोलरला कामच उरत नाही. दुधाचंही तसंच. ७२ अंशांवर तापलेलं दूध आत येणाऱ्या गार दुधाला बहुतेक उष्णता देऊन टाकतं. आमच्याकडे खरी भूक आहे कॅन, क्रेट आणि पाइप धुण्याच्या पाण्याची, ६० ते ८० अंशांची. तिथे साधे कलेक्टर चालतात, आरसे नकोत, आणि ढगाळ दिवशी कोमट पाणी मिळालं तरी तेवढं इंधन वाचतंच. साखर कारखान्यांना मात्र यात ओढू नका. त्यांच्याकडे जाळायला बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, घरचीच आहे.

इचलकरंजीचा रंगारी:
धुण्याच्या पाण्याचं म्हणाल तर आमच्याकडे ते डेअरीपेक्षा जास्त लागतं. रंगाच्या हौदात आम्ही वाफ सरळ सोडतो, तिचं कंडेन्सेट परत येतच नाही. ते पाणी आधीच ६० अंशांवर मिळालं तर बॉयलरचं ब्रिकेट (दाबून केलेल्या भुशाचं जळण) नक्की वाचेल. पण शेडचे पत्रे भरलेल्या टाक्यांचं वजन पेलत नाहीत.

सांगलीची डेअरी:
टाकी जमिनीवर ठेवा, वर फक्त कलेक्टर, पाणी पंपाने फिरवायचं. त्याआधी शेडच्या सांगाड्याची तपासणी करून घ्या.

ठाण्याचा हिशेबनीस:
हे पटतं. जिथे दिवसभर, बाराही महिने गरम पाणी ओतलं जातं तिथे कलेक्टर माझ्या हीट पंपाला मागे टाकेल. घरात मात्र मी मत बदललेलं नाही. केंद्राने २०२२ पर्यंत २ कोटी चौरस मीटर कलेक्टरचं लक्ष्य ठेवलं होतं. त्यातला मोठा भाग घरांच्या गच्चीऐवजी अशा शेडवर गेला असता तर बरं झालं असतं.

कोथरूडची गच्ची:
घरांचं मी सोडणार नाही. रविवारच्या सभेत माझी मागणी एवढीच आहे: आधी परतीच्या लाईनचं आणि इन्सुलेशनचं कोटेशन मागवा, आणि तोपर्यंत एकही टाकी खाली उतरवू नका. नाशिकचे दादा, जुन्या इमारतीत शाफ्टमधून परतीची पाइप घालता येते का?

नाशिकचा प्लंबर:
शाफ्टमध्ये माणूस शिरत असेल तर येते. टाकीच्या आउटलेटपासून तळमजल्यापर्यंतचे फोटो टाका, सांगतो.