प्लग नाही ती ईव्ही नाही, पटतंय का बघा

नाशिकचा_बॅटरीवाला:
परवा सासऱ्यांनी नवी गाडी घेतली. डिकीवर हायब्रिडचा बिल्ला, शोरूममधल्या पोराने सांगितलेलं की काका ही अर्धी इलेक्ट्रिकच आहे. घरी आल्यावर त्यांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि मला विचारलं, "जावईबापू, चार्जिंगचं तोंड कुठंय हिचं?" तोंड नाहीच, कारण ती माइल्ड हायब्रिड. छोटी मोटर इंजिनला बेल्टने जोडलेली, सिग्नलला बंद पडलेलं इंजिन परत चालू करते आणि गाडी उचलताना थोडा जोर देते, बास. नुसत्या त्या मोटरवर गाडी गेटबाहेरपण जाणार नाही. बहात्तर वर्षांच्या माणसाला असं गंडवलं याचा मला अजून राग आहे. म्हणून माझं स्पष्ट मत, माइल्ड असो नाहीतर स्ट्राँग (थोडं अंतर नुसत्या मोटरवर जाणारी), जिला भिंतीतून करंट घेता येत नाही तिला ईव्ही म्हणायचंच नाही. आरटीओ पण ईव्हीची हिरवी नंबरप्लेट हायब्रिडला देत नाही.

मीनल_कात्रज:
दादा, सासऱ्यांबरोबर झालं ते चूकच, पण माइल्ड आणि स्ट्राँग एकाच दावणीला बांधू नका ना. आमची ग्रँड विटारा स्ट्राँग हायब्रिड आहे, सकाळी पार्किंगमधून इंजिन चालू न होता निघते आणि कात्रज ते स्वारगेट गर्दीत तर कितीतरी वेळ इंजिन बंदच असतं, म्हणून हायवेपेक्षा गावात ॲव्हरेज जास्त मिळतं, साध्या पेट्रोल गाडीच्या बरोब्बर उलटं. गाड्यांची चाचणी घेणाऱ्या एआरएआय संस्थेचा आकडा लिटरला २७.९७ किमी आहे, मला गावात २२-२३ मिळतं. आणि प्लग लावू कुठे? चार्जिंग पॉइंटचा अर्ज सोसायटीच्या कमिटीकडे दीड वर्ष पडलाय.

नाशिकचा_बॅटरीवाला:
ताई, ॲव्हरेज मान्य. पण त्या गाडीची बॅटरी किती, ०.७६ किलोवॅट अवर. म्हणजे घरच्या मीटरचं एक युनिटसुद्धा नाही! २०२० ला नेक्सॉन ईव्ही आली तिची ३०.२ युनिटची होती. तुमची बॅटरी इंजिन भरतं आणि ब्रेक मारल्यावर थोडी भरते, पण तो वेगही पेट्रोलनेच घेतलेला. म्हणजे शेवटी सगळं पंपावरूनच आलं की.

कोराडीकर:
आणि तुमच्या प्लगमधून काय येतं भाऊ? आमच्या कोराडीत घराच्या गच्चीवरून कोळशाच्या वीज केंद्राची धुराडी दिसतात, वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसते. तुमची गाडी नाशकात धूर सोडत नाही कारण तो इकडे निघतो. याच्यापेक्षा कमी पेट्रोल पिणारी हायब्रिड मला जास्त प्रामाणिक वाटते.

नाशिकचा_बॅटरीवाला:
राखेचा त्रास खरा आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण पेट्रोल इंजिनात निम्म्याहून जास्त इंधन नुसतं उष्णतेत जातं, मोटर तेवढं वाया घालवत नाही. शिवाय उद्या छतावर सोलर बसवलं की माझी तीच गाडी उन्हावर चालेल, पेट्रोलचं तसं कधी होणार?

सध्या_जर्मनीत:
मूळ व्याख्येवरच बोलतो, ती दोन्हीकडून तुटते. एक, प्लग-इन हायब्रिड. तिला प्लग आहे आणि इंजिनही आहे, बॅटरीवर साधारण ५०-६० किमी जाते, पुढे पेट्रोल. इकडे माझ्या ओळखीत कंपनीने दिलेल्या अशा गाड्या आहेत, पेट्रोलचं कार्ड कंपनीचं, त्यामुळे केबल कधी पिशवीतून बाहेर आलेलीच नाही. तुमच्या हिशेबाने ती ईव्ही? दोन, हायड्रोजनवाली. २०२२ ला गडकरी टोयोटा मिराईतून संसदेत गेले होते आठवतंय का, तिला प्लग नाही पण फ्युएल सेलमध्ये हायड्रोजनपासून गाडीतच वीज तयार होते, चाकं पूर्ण मोटरवर आणि मागून फक्त पाणी. ही ईव्ही नाही?

नाशिकचा_बॅटरीवाला:
मिराईचं मी धरलंच नव्हतं, इथे माझी व्याख्या पडली. चाकं कोण फिरवतं आणि ऊर्जा येते कुठून हे दोन्ही विचारायला पाहिजे, नुसता प्लग बघून चालणार नाही. पण शोरूममध्ये "अर्धी इलेक्ट्रिक" म्हणणं मी माफ करणार नाही, तो शब्द वापरून म्हाताऱ्या माणसाचे पैसे घेतलेत.

मीनल_कात्रज:
याच्यावर शंभर टक्के तुमच्या बाजूने. दादा, रविवारी आमची सर्वसाधारण सभा आहे, अर्ज परत ठेवतेय. तुम्ही पार्किंगला कनेक्शन कसं घेतलं?

नाशिकचा_बॅटरीवाला:
माझ्याच घराच्या मीटरवरून वायर खाली आणली, वेगळी एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच), नीट अर्थिंग आणि १५ अँपिअरचा सॉकेट. रिकामी गाडी भरायला नऊ-दहा तास लागतात, रात्री लावायची सकाळी काढायची. कमिटीला आधी एवढंच सांगा की युनिट तुमच्या बिलात येणार, सोसायटीच्या नाही. आमच्याकडे तिथेच अडलं होतं.