मदत हवी आहे: पाळलेला साप किचनच्या कपाटांखाली शिरलाय

नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. मुलाचा कॉर्न स्नेक (केशरी, दोन फुटांचा, बिनविषारी) परवा रात्री पेटीतून निसटला. झाकणाची एक क्लिप नीट बसली नव्हती, तेवढी फट त्याला पुरली.

सोफा, पुस्तकांच्या मागे, वॉशिंग मशीन, सगळं पालथं घातलं. काल झोपताना प्रत्येक दारात पिठाची पातळ रेघ ओढली. सकाळी किचनच्या दारातल्या पिठात बोटाएवढी रुंद, नागमोडी खूण होती. आत गेल्याची एकच, परतीची नाही. ओट्याखालच्या कपाटांमागून हीटिंगचे पाइप जातात, बाहेर कडाक्याची थंडी आहे, म्हणजे तो उबेलाच गेला असणार.

कपाटांची तळपट्टी आत्ताच काढू का? की खडखडाटाने बिचकून तो पाइपांच्या भोकातून फरशीखाली जाईल? की खोली अंधारी करून हीट मॅटवर (विजेवर तापणाऱ्या चटईवर) त्याचा नेहमीचा लपायचा डबा ठेवू आणि रात्री वाट बघू? शेजारी त्याच्या खाण्याचा, फ्रीझरमधून काढून वितळवलेला उंदीर ठेवला तर वासाने येतो का? चिकट सापळा मात्र मी लावणार नाही, त्यात कातडी सोलून निघते.

सांगलीहून आलेली आई म्हणते, सर्पमित्राला बोलवा. गावी तेच केलं असतं. इथे लेक टॉर्च घेऊन रात्रभर किचनच्या दारात बसतोय. कुणाला अनुभव असेल तर कृपया आजच सांगा.