नाण्यावरचं हे अधिकसारखं चिन्ह कशाचं?

गोदाकाठ: मंडळी, आजीच्या पानाच्या डब्यात चांदीचं एक बारकं नाणं सापडलंय, जुन्या चार आण्याएवढं. एका बाजूला अधिकचं चिन्ह आणि त्याच्या चारही टोकांना गोल, दुसऱ्या बाजूला तीन कमानी, खाली दोन वर एक, लहान पोरं डोंगर काढतात ना तसं. आणि डोंगरामागून कुणाचं तरी नाक डोकावतंय, बायको म्हणते तुला भास होतोय. सराफाने सांगितलं क्रॉस आहे, पोर्तुगीजांचं असेल. आता पोर्तुगीज नाशकात काय करत होते?

सिडकोचा: स्वस्तिक असेल झिजलेलं. आमच्या उंबऱ्यावरचं पाय पडून पडून तसंच झालंय 😄

नाणेवेडा: वहिनींना सांगा नाक खरं आहे! ते नहपानाचं, म्हणजे इकडच्या शक राजाचं, त्यांना क्षत्रप म्हणत. १९०६ ला नाशिकजवळ जोगळटेंभीला घबाड सापडलं, १३,००० च्या वर नाणी, सगळी क्षत्रप नहपानाची, आणि त्यातल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे मारलेले. म्हणजे वितळवत बसला नाही, नहपानाच्या तोंडावरच डोंगर ठोकला आणि मागच्या बाजूच्या बाण-वज्राच्या चित्रावर ते चार गोलांचं चिन्ह. त्याला उज्जैन चिन्ह म्हणतात, तिकडच्या जुन्या नाण्यांवर फार दिसतं म्हणून. क्रॉसशी काही संबंध नाही. डोंगराभोवती ब्राह्मी अक्षरं दिसतात का बघा, 'रञो गोतमिपुतस' वगैरे. पण नकली पण खूप फिरतात, आणि प्लीज चिंचेने घासू नका.

त्रिरश्मी: पांडवलेणीच्या ३ नंबरच्या लेण्यात त्याच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख आहे, त्यात मुलाने क्षहरातांचा वंश निःशेष केला असं सरळ लिहिलंय. नहपान क्षहरातच. लेख वाचता येणारे किती असतील तेव्हा, पण नाणं हातात पडलं की बाजारातल्या माणसालाही कळणार राजा बदलला.

सिडकोचा: बरं मग तो डोंगर कसला, स्तूप ना? लेण्यात बोधिवृक्ष, स्तूप, चक्र आहेच की दारावर.

नाणेवेडा: इथेच तर भांडणं आहेत. जुने अभ्यासक चैत्य, म्हणजे स्तूपच म्हणायचे, पण अशाच कमानी त्याआधीच्या मौर्य काळातल्या आहत, म्हणजे एकेक ठसा ठोकून केलेल्या नाण्यांवर पण आहेत, कधी वर चंद्रकोर. म्हणून बरेच जण पर्वत म्हणतात. सातवाहन नाणेघाटात यज्ञांची यादी कोरतात आणि इकडे भिक्खूंना लेणी देतात, त्यामुळे धर्मावरून पण निकाल लागत नाही. मला विचाराल तर डोंगर, सह्याद्रीत राहणारा दुसरं काय काढणार. पुरावा शून्य, मान्य.

गोदाकाठ: भिंग लावलं. नाक आहे, आता बायकोला ओठ पण दिसतायत. शनिवारी अंजनेरीच्या नाण्यांच्या संग्रहालयात नेतो. आजीला विचारलं कुठून आलं तर म्हणे सुपारी मोजायला बरं पडायचं.