१५ च्या जागी २० चा फ्यूज नको

'कारचा १५ अँपिअरचा फ्यूज सारखा उडतो, तर २० चा टाका' असा सल्ला कुणी दिला तर कृपया मानू नका. फ्यूज वायरच्या जाडीवर ठरलेला असतो. निळ्याच्या (१५) जागी पिवळा (२०) बसवला तर फ्यूजआधी वायरच वितळू शकते.

त्याऐवजी दोष शोधा: उडालेला फ्यूज काढून त्याच्या दोन खाचांमध्ये इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब वायरने जोडा. शॉर्ट असला तरी त्यातून जेमतेम पावणेदोन अँपिअर जातात, वायरिंगला धोका नाही. मग त्या लाइनवरची सगळी उपकरणं कपलरपासून (वायर जोडणारा प्लग) सोडवा. तरीही बल्ब भक्कन पेटतोय? दोष वायरमध्येच. हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवत जा, बल्ब लुकलुकेल तिथे वायर सोललेली. डिकीच्या बिजागरीजवळची, वायरी जातात ती रबरी नळी आधी बघा. चार्जर सॉकेटचा फ्यूज असेल तर मात्र सॉकेटमध्ये नाणं अडकलंय का, ते सर्वांत आधी.