मायक्रोबायोलॉजीचा संदर्भशोध: लायब्ररीत नेमकं काय शोधू? (खर्च शून्य, मुदत तीन आठवडे)

नवी_वसाहत
नमस्कार मंडळी. पीएचडीचं पहिलं वर्ष. लॅक्टोबॅसिलस प्लांटारम या जिवाणूच्या एटीसीसी 8014 या स्ट्रेनवर (म्हणजे उपप्रकारावर; एटीसीसी हा अमेरिकेतला जिवाणूसंग्रह, 8014 हा तिथला नंबर) काम करायचंय. गाईड म्हणाले, प्रयोगाला हात लावण्याआधी या स्ट्रेनवर आजवर काय झालंय ते सगळं वाचून, लिहून आण. पबमेडवर (वैद्यकीय-जैविक पेपरांची मोफत ऑनलाइन सूची) नाव आणि नंबर टाकून शोधते तर सगळं अलीकडचंच येतं. एवढा जुना स्ट्रेन, त्याला इतिहासच नाही? लायब्ररीत कुठून सुरुवात करू? पैसे खर्च करता येणार नाहीत. म्हणजे अजिबातच नाहीत, विद्यावेतन अजून सुरू व्हायचंय.

ऑटोक्लेव्ह_आजोबा
जिवाणूंच्या वर्गीकरणाचा संदर्भग्रंथ म्हणजे बर्गीज मॅन्युअल, तो विकत घ्या. दुसऱ्या आवृत्तीचे पाचही खंड माझ्याकडे आहेत, जसजसे निघाले तसतसे घेतले. कपाटाची एक फळी त्यांच्या वजनानं वाकली, पण पश्चात्ताप नाही. तुमचं काम तिसऱ्या खंडात.

नवी_वसाहत
आजोबा, खर्च शून्य लिहिलंय हो.

ऑटोक्लेव्ह_आजोबा
चांगली पुस्तकं हा खर्च नसतो.

पेट्रीताई
आजोबांचा तिसरा खंड 2009चा. 2020मध्ये लॅक्टोबॅसिलसची पंचवीस जीनसांत (प्रजातींच्या गटांत) वाटणी झाली आणि प्लांटारम लॅक्टिप्लांटिबॅसिलसमध्ये गेला. त्या खंडात नवं नाव कुठून सापडणार? एलपीएसएन ही जिवाणूंच्या नावांची वेबसाइट उघडा. फुकट आहे आणि कुठल्या जिवाणूचं नाव कधी, कोणी, का बदललं ते एका पानावर मिळतं. मग पबमेडमध्ये जुनं नाव, ऑर (OR, म्हणजे 'किंवा'), नवं नाव असं शोधा. ऑर मोठ्या अक्षरांतच लिहायचं, छोट्या अक्षरांत लिहिलं तर पबमेड त्याला ऑपरेटर म्हणून ओळखत नाही. मी हे न कळता एक अख्खा महिना घालवलाय.

मधली_सुट्टी
पेट्रीताईंना +१. माझी चूक वेगळी. मी प्रत्येक शब्दाला अवतरणचिन्हं लावायचो, त्यानं शोध नेमका होतो अशी समजूत. प्रत्यक्षात ती लावली की पबमेड समानार्थी शब्द आपणहून जोडायचं थांबवतं. सिनॉप्सिसच्या सादरीकरणात परीक्षकांनी तीन पेपर विचारले, तिन्ही माझ्या यादीत नव्हते. घाम फुटला होता.

दोन_नंबरचा_बॅच
एवढा खटाटोप कशाला? चॅटबॉटला विचारा, दोन मिनिटांत वीस संदर्भ.

पेट्रीताई
आणि त्यातले किती खरे?

दोन_नंबरचा_बॅच
मला तरी सगळे खरे मिळाले.

मधली_सुट्टी
उघडून पाहिलेत?

दोन_नंबरचा_बॅच
नावं तर ओळखीची होती.

झोटेरोभक्त
शोध नंतर. आधी झोटेरो (संदर्भ जपून ठेवणारं सॉफ्टवेअर) बसवा, नाहीतर तीनशे पीडीएफ डाउनलोड्समध्ये कुजतील. मागे घेतलेला पेपर यादीत असला तर तो लाल पट्टीनं इशाराही देतो. माझ्या मित्रानं असाच एक पेपर प्रबंधात वापरला होता, आणि नेमका परीक्षकांनाच तो मागे घेतल्याचं माहीत होतं.

आगरप्लेट
मी अजून एक्सेलमध्येच यादी ठेवते. काही बिघडलं नाही.

झोटेरोभक्त
अजून.

आगरप्लेट
हलकेच घ्या. पण तुमच्या त्या प्लगिननं माझा वर्ड दोनदा बंद पाडलाय.

*(यापुढचे झोटेरो विरुद्ध एक्सेल असे अकरा प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. संपादक)*

कपाट_क्र_७
मी निवृत्त ग्रंथपाल. उशिरा आलो, पण प्रश्न नीट वाचला. नवी_वसाहत, तुमचा शोध चुकत नाहीये, तुमचं साधन तिथवर पोचत नाहीये. पबमेडच्या मुळाशी असलेल्या मेडलाइन या सूचीत गोषवारे घ्यायला सुरुवात झाली 1975 पासून. त्याआधीच्या नोंदींत बहुतेक वेळा नुसतं शीर्षक आणि विषयसंज्ञा. स्ट्रेनचा नंबर कोणी शीर्षकात घालत नाही, तो असतो पद्धतींच्या परिच्छेदात. मग पबमेडला तो दिसणार कसा?

दुसरं, तुमच्या 8014चं जुन्या काळातलं नावच वेगळं. लॅक्टोबॅसिलस अरॅबिनोसस 17-5. त्या नावानं शोधा आणि पुन्हा इथे येऊन सांगा. स्नेल आणि राइट यांनी 1941मध्ये निकोटिनिक अ‍ॅसिड मोजायची पद्धत बसवली ती याच जिवाणूवर. याला ते जीवनसत्त्व स्वतः बनवता येत नाही, म्हणून वाढीच्या माध्यमात जितकं घालाल तितकाच तो वाढतो आणि तितकंच आम्ल तयार करतो. आम्लाचं टायट्रेशन करायचं, म्हणजे अल्कली थेंब थेंब घालून ते मोजायचं, की जीवनसत्त्व किती होतं ते कळलं. म्हणजे तुमचा स्ट्रेन तेव्हा अभ्यासाचा विषय नव्हताच, मोजपट्टी होता. त्याच्याबद्दलची माहिती जिवाणूशास्त्राच्या कपाटात कमी आणि जीवरसायन नि पोषणशास्त्राच्या कपाटात जास्त सापडेल.

पेट्रीताई
काका, हे मलाही माहीत नव्हतं. वाखु (वाचनखूण) साठवली.

नवी_वसाहत
अरॅबिनोसस टाकून पाहिलं. चाळीसच्या दशकापासूनच्या नोंदींची रांगच लागली! काका, खूप खूप आभार.

मधली_सुट्टी
मग आता सोपं आहे. तो 1941चा पेपर गूगल स्कॉलरवर काढा, खाली 'साइटेड बाय' दाबा आणि तिथून पुढे पुढे या. जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्रीचे जुने अंक ऑनलाइन मोफत आहेत. खुर्चीतून उठायचीही गरज नाही.

झोटेरोभक्त
आणि मिळेल ते सगळं झोटेरोत.

ऑटोक्लेव्ह_आजोबा
तिसऱ्या खंडात जुन्या नावांचाही उल्लेख असतो, हे कोणीच सांगितलं नाही.

दोन_नंबरचा_बॅच
नावं बदलणाऱ्यांनाच आधी पकडायला हवं. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचं क्लॉस्ट्रिडिऑइड्स केलं, एंटेरोबॅक्टर एरोजेनीसला क्लेबसिएलामध्ये ढकललं. माणसानं पाठ तरी किती वेळा करायचं?

पेट्रीताई
जीनोम पाहून करतात हो, हौस म्हणून नाही. हेलिकोबॅक्टर पायलोरीसुद्धा 1989पर्यंत कॅम्पिलोबॅक्टरच होता, आज कोणाला आठवतंय?

आगरप्लेट
अवांतर: ज्या पेपरला कुलूप असेल त्याच्या लेखकांना सरळ ईमेल करा. मी सहा जणांना लिहिलं, चौघांनी पाठवला, एकानं सोबत अप्रकाशित तक्तेही दिले. सहावा अजून 'पाठवतो' म्हणतोय.

कपाट_क्र_७
1941चे लेखक कुठून उत्तर देणार, आगरप्लेटताई? जुन्यासाठी आंतरग्रंथालयीन देवघेव. तुमच्या ग्रंथपालांना वर्ष, खंड, पान एवढं लिहून द्या, बाकी त्यांचं काम. विचारायला लाजू नका, असं काही मागायला कोणी आलं की आम्हाला बरं वाटतं.

मधली_सुट्टी
नवी_वसाहत, 'साइटेड बाय'चं काय झालं?

नवी_वसाहत
सगळ्यांचं वाचलं. एलपीएसएनमधून नावांचा तक्ता केला, तो आता टेबलासमोर चिकटवलाय. 'साइटेड बाय'चा मार्ग दोन दिवस धरला आणि सोडला. यादी लांबतच जाते, पण ती दाखवते कोणी कोणाचं नाव घेतलं ते. या जिवाणूला हाताळताना कोणाचं काय बिघडलं ते त्यात दिसत नाही. म्हणून तळघरात बांधीव खंडांपाशी जाऊन बसले. 1941 ते 1955, वर्षअखेरची विषयसूची उघडायची, अरॅबिनोसस, निकोटिनिक अ‍ॅसिड, बायोटिन असे शब्द बोटानं शोधायचे आणि पान उलटायचं. कालच एक लहानसं टिपण मिळालं, माध्यम जास्त तापवल्यावर आकडे कसे बिघडले त्याबद्दल. शीर्षकात जिवाणूचं नावच नाही. मी कितीही शोधलं असतं तरी ते स्क्रीनवर आलं नसतं. नोंदी वहीत करतेय. झोटेरोभक्त, रागावू नका.

झोटेरोभक्त
वहीत??

आगरप्लेट
वही बंद पडत नाही.

मधली_सुट्टी
तीन आठवड्यांत पंधरा वर्षांचे खंड? जमणार नाही. लिहून ठेवा.

नवी_वसाहत
गाईडकडून आणखी दोन आठवडे मागून घेतलेत. ओरडले, पण दिले.

कपाट_क्र_७
खंडाच्या शेवटी सूची सापडली नाही, तर पुढच्या खंडाच्या सुरुवातीला बघा. बांधणीवाले कधीकधी तिथे घालून ठेवतात.

ऑटोक्लेव्ह_आजोबा
मग मॅन्युअलचं काय ठरलं?