नेक्सॉन इव्ही विकायची आहे, पण बॅटरी चांगली आहे हे पटवायचं कसं?

शिरोलीकर:
मंडळी, गाडी २०२१ ची नेक्सॉन इव्ही, ३०.२ युनिटची बॅटरी, एमएच-०९, पहिला मालक मीच. कसबा बावडा ते शिरोली एमआयडीसी जाणं-येणं, घरी १५ अँपिअरच्या सॉकेटवर रात्रीचं चार्जिंग. फास्ट चार्जर पुण्याला जाताना लागला तेवढाच. आई-वडील आता आमच्याकडंच राहायला आलेत, सात जणांची गाडी पाहिजे, म्हणून ही काढतोय.

गिऱ्हाईकं येतात, चालवून बघतात, पिकअपवर खूश होतात. एक जण रंकाळ्याला चक्कर मारून आला आणि "नाद खुळा!" म्हणाला. मग चहा होतो आणि ठरलेला प्रश्न येतो, "बॅटरी किती राहिली?" मी सांगतो, गावात एसी लावून दोनशेच्या आसपास जाते. की लगेच, "कंपनी तर ३१२ म्हणत होती. म्हणजे शंभर किलोमीटर उतरली की!" अहो, कोरी होती तेव्हापण ३१२ कधी गेली नाही. तो एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीतला आकडा. पण हे मी सांगून उपयोग काय, विकणारा असंच बोलणार.

जुन्या गाड्या घेणाऱ्या एका कंपनीचा पोरगा येऊन गेला. टायर, काचा, पत्रा, रंगाची जाडीसुद्धा मशीन लावून मोजली. "बॅटरीचं काय बघितलंस?" म्हटलं तर डॅशबोर्डवरची टक्केवारी दाखवली. ती चार्जिंगची हो! आणि भाव सांगताना बॅटरीच्या नावानं भरपूर कापले. बघून कापले असते तर गप बसलो असतो.

शेवटी ओबीडी डोंगल (गाडीला लावून आतली माहिती मोबाईलवर दाखवणारं छोटं यंत्र) आणून एसओएच, म्हणजे कोऱ्या बॅटरीच्या मानानं उरलेली क्षमता, काढला, ९४ टक्के आला. स्क्रीनशॉट पाठवला तर एकानं विचारलं, "हे ॲप तुमचंच का?" माझ्या शब्दावर विश्वास न ठेवतासुद्धा पटेल असा काही पुरावा असतो का?

उचगावचा वायरमन:
दादा, राग मानू नका, ते ९४ मीपण धरणार नाही. एसओएच हा बीएमएसनं, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या गाडीतल्या यंत्रणेनं, बांधलेला अंदाज असतो. तुमची बॅटरी एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटची. तिचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो, म्हणून नुसत्या व्होल्टेजवरून आत किती माल आहे ते बीएमएसला नीट कळत नाही. कायम ४०-८० टक्क्यांमध्ये चार्ज केलेल्या गाडीचा हिशेब हळूहळू सरकतो. शिवाय परदेशात निसान लीफचा बीएमएस रिसेट करून डॅशबोर्डवर बॅटरीच्या क्षमतेचे वाढीव बार दाखवत गाड्या खपवल्याचे प्रकार झालेत. तुमच्या गिऱ्हाईकाची शंका अगदीच वेडी नाही.

त्यापेक्षा युनिट मोजा. आधी एकदा १०० पर्यंत भरून तशीच प्लगला ठेवा, सेल बॅलन्स होतात आणि हिशेब जाग्यावर येतो. मग गाडी चालवून २० वर आणा आणि मध्ये सब-मीटर बसवून परत १०० करा. ३०.२ चे ८० टक्के म्हणजे २४ युनिट. चार्जरच्या उष्णतेत वगैरे दहा-बारा टक्के जातात, ते धरून कोऱ्या बॅटरीला मीटरवर साधारण २७ पडतील. पंचवीस-सव्वीस आले तर तुमचं ९४ खरं. बॅटरी ८० टक्क्यांवर आली असेल तर २२ पण पडणार नाहीत.

आता मुद्द्याचं. हे तुमच्या घरी करू नका. गिऱ्हाईकाच्या घरी करा, त्याच्या मीटरवर. नऊ-दहा तास लागतात, रात्री लावायचं, सकाळी त्यानंच रीडिंग घ्यायचं. मग ॲप कुणाचं हा प्रश्नच येत नाही.

अजून एक. सेलमधला फरक ५० टक्क्यांवर बघून काही कळत नाही, तिथं आजारी सेलपण निरोगी दिसतो. वीसच्या खाली आल्यावर वाघबीळचा घाट चढवा आणि डोंगल लावून सेलचे व्होल्टेज बघा. एखादा सेल बाकीच्यांना सोडून झपकन खाली येत असेल, किंवा १८ वरून एकदम ११ झाले, तर समजायचं.

जुना बाजार:
मी गाड्यांचाच धंदा करतो, म्हणून आमच्या बाजूनं सांगतो. पेट्रोल गाडीचं ऑइलचं झाकण काढून धूर बघितला, आवाज ऐकला की इंजिन कळतं. इव्हीत मला काय ऐकू येणार? उद्या पॅक बदलायची पाळी आली तर बिल जुन्या गाडीच्या भावाला जाऊन भिडतं. ती भीती मी भावातूनच कापणार.

पण सगळं बॅटरीच्या माथी मारू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटांनी नव्या नेक्सॉन इव्हीच्याच किमती उतरवल्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ वर आला, इव्हीचा होता तसा ५ च राहिला. नवं स्वस्त झालं की जुनं पडतंच. आणि तुम्ही थेट माणसाला विकलीत तर जीएसटी नाही, माझ्यासारख्या नोंदणीकृत डीलरला मार्जिनवर १८ टक्के भरावा लागतो. तोपण मी कुठून काढणार, सांगा!

पन्हाळा रोड:
मी मागच्या वर्षी जुनी इव्ही घेतली. युनिटबिनिट नंतर, कोल्हापुरात माझा पहिला प्रश्न एकच: जुलै २०२१ च्या पुरात गाडी कुठं उभी होती? बॅटरी आयपी६७ आहे हे सगळे सांगतात. ते मीटरभर पाण्यात अर्धा तास. व्हीनस कॉर्नरला पाणी अर्ध्या तासात उतरलं होतं का? मी विम्याच्या क्लेमची माहिती मागितली, सर्व्हिसची सगळी बिलं बघितली, आणि सीटखालचे स्क्रू गंजलेत का ते टॉर्च मारून बघितलं. विकणाऱ्याला थोडा राग आला, येऊ दे.

नंबरप्लेटपण बघायची, हिरव्यावर पांढरी अक्षरं खासगी, पिवळी असतील तर टॅक्सी. पिवळीची पांढरी झाली असेल तर तो इतिहास कागदातच सापडतो.

दादा, तुमची बॅटरी वॉरंटी ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, म्हणजे २०२९ पर्यंत आहे. दुसऱ्या मालकाला ती कशी मिळते ते वॉरंटीच्या पुस्तिकेतलं पान गिऱ्हाईकाला आधीच पाठवा. नव्या काही इव्हींची लाइफटाइम वॉरंटी पहिल्या मालकापुरतीच आहे, लोक दोन्हीची गल्लत करतात.

शिरोलीकर:
पुराच्या वेळी गाडी घेतलीच नव्हती, डिलिव्हरी दिवाळीत झाली, आरसीवर तारीख आहे. हे जाहिरातीत पहिल्या ओळीत टाकतो, सुचलंच नव्हतं.

राजारामपुरीचे एक गिऱ्हाईक स्वतःच्या घरी चार्ज करून बघायला तयार झालेत. म्हणतात, विजेचं बिल कोण देणार? दिलं म्हटलं. वायरमन भाऊ, सब-मीटर कोणता घेऊ, आणि शनिवारी बसवायला याल का?

उचगावचा वायरमन:
साधा सिंगल फेज डिजिटल घ्या, ३० अँपिअरचा. शनिवारी संध्याकाळी सहानंतर येतो. त्यांच्या सॉकेटची अर्थिंग आधी बघू, नाहीतर गाडी चार्जच घेणार नाही आणि ते म्हणतील बॅटरी गेली.