विषय: गावाकडच्या लॅपटॉपची फायरवॉल रोज आपोआप बंद होते

बंडू (सध्या मुक्काम दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी,

सुट्टीवर गावी आलोय आणि निम्मी सुट्टी लॅपटॉपपुढेच चालली आहे. धाकटा भाऊ गावात सेवा केंद्र चालवतो. सातबारा, दाखल्यांचे अर्ज, पीएम किसानची ई-केवायसी, अंगठा लावून पैसे काढणं, सगळं एकाच लॅपटॉपवर. विंडोज 10 आहे. इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर.

भानगड अशी की फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरून न बोलावता आत येणाऱ्याला अडवणारी विंडोजची राखण, रोज बंद होते. रात्री चालू करून ठेवली, तरी सकाळी मशीन सुरू केल्यावर पुन्हा लाल फुली. दिवसभरात चालू केली तर मग संध्याकाळपर्यंत टिकते. भाऊ म्हणतो, "दादा, तू तिकडे कम्प्युटरवरच काम करतं ना? मंग हे काऊन बंद पडून राह्यलं ते सांग." मी कम्प्युटरवर पुलांची डिझाइनं करतो, हे त्याला पटत नाही.

गिऱ्हाईक सकाळी नऊपासून ओट्यावर बसलेलं असतं, तुरीचे दिवस असले तरी. कोणी मार्ग सांगेल का?

बंडू

मंदाताई

बंडू,

आधी एक बघ. लॅपटॉपवर विकतचा अँटिव्हायरस आहे का, किंवा पूर्वी होता का? अशा बऱ्याच अँटिव्हायरसची स्वतःची फायरवॉल असते. ती विंडोजकडे आपलं नाव नोंदवते आणि मग विंडोजची फायरवॉल बाजूला होते. ते बरोबरच आहे, दोघींनी एकाच दारावर उभं राहायची गरज नाही. पण वर्षाची मुदत संपली, कोणी नूतनीकरण केलं नाही आणि अर्धवट काढून टाकलं, की घोळ होतो.

विंडोज सिक्युरिटी उघडून फायरवॉलच्या पानावर कोणाचं नाव दिसतं ते कळव. जुना अँटिव्हायरस दिसला तर तो नुसता कंट्रोल पॅनलमधून काढू नकोस. कंपन्या स्वतःच्या साइटवर साफ काढण्याचं वेगळं टूल देतात, ते वापर.

मंदाताई

नाना

बंडू, सरळ फॉरमॅट मार. एवढं कोडं सोडवत कशाला बसतोस?

आणि हा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. ऑगस्ट 2003 मध्ये ब्लास्टर नावाचा किडा (मशीनवरून मशीनवर आपोआप पसरणारा व्हायरस) सुटला तेव्हा आमच्या ऑफिसातली मशीनं एकामागून एक बंद होत होती. कोणी काही उघडलं नव्हतं, कशावर क्लिक केलं नव्हतं. मशीन इंटरनेटला जोडलेलं आहे एवढं पुरे होतं. पडद्यावर साठ सेकंद उलटे मोजले जायचे आणि मशीन रीस्टार्ट. गंमत म्हणजे विंडोज एक्सपीत तेव्हाही फायरवॉल होती, फक्त ती मुळातच बंद ठेवून यायची. पुढच्या वर्षी, ऑगस्ट 2004 मध्ये, एक्सपीचं मोठं अपडेट, सर्व्हिस पॅक 2, आला आणि तेव्हापासून ती आपोआप चालू असते. तेव्हा "नसली तर काय बिघडतं" असं भाऊ म्हणाला तर त्याला हे सांग.

नाना

बंडू

नाना, फॉरमॅट नको. अंगठ्याच्या मशीनचं सॉफ्टवेअर, प्रिंटर, कुठले कुठले पासवर्ड ब्राउझरमध्ये, सगळं परत बसवायला भावाला आठवडा लागेल आणि तोवर केंद्र बंद.

ताई, तुमचा अंदाज अर्धा खरा ठरला. मुदत संपलेला अँटिव्हायरस होता. तुम्ही सांगितलेल्या पद्धतीनं काढला. आता पानावर फक्त विंडोजचं नाव आहे. पण आज सकाळी पुन्हा तेच. नेटवर्कच्या तिन्ही प्रकारांसाठी (प्रोफाइल) फायरवॉल बंद: डोमेन, प्रायव्हेट, पब्लिक.

भावाचं आता एक नवीनच मत आहे, की लाइट गेल्यामुळे होतं. लॅपटॉपला बॅटरी आहे, असं मी म्हणालो. "तेही खरं," म्हणाला.

मंदाताई

तिन्ही एकदम बंद, आणि तेही सुरू केल्यावर? मग मला वेगळाच संशय येतो.

"फायरवॉल बंद होते" या एका वाक्यात दोन वेगळे आजार लपलेले असतात, ते आधी वेगळे करू या. रनमध्ये सर्व्हिसेस डॉट एमएससी टाकून उघड. तिथे "विंडोज डिफेंडर फायरवॉल" आणि "बेस फिल्टरिंग इंजिन" या दोन ओळी शोध. दुसरी चालत नसेल तर पहिली उभीच राहू शकत नाही. यांतली एखादी थांबलेली असेल, किंवा सुरूच होत नसेल, तर विंडोजच्या फायली खराब झाल्यात किंवा एखाद्या व्हायरसनं मुद्दाम पाय तोडलाय. मग आधी डिफेंडरचं (विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचं) ऑफलाइन स्कॅन, त्यानंतर फायलींची दुरुस्ती, असा लांबचा रस्ता.

पण दोन्ही "रनिंग" दिसत असतील आणि तरी फायरवॉल ऑफ असेल, तर काहीही मोडलेलं नाही. कोणीतरी रोज येऊन बटण बंद करतंय. मग आपण रोज बटण चालू करत बसण्यात अर्थ नाही, बंद करणारा शोधायचा. आणि विंडोज त्याचं नाव लिहून ठेवतं.

इव्हेंट व्ह्यूअर उघड. डावीकडे अ‍ॅप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, त्यात मायक्रोसॉफ्ट, मग विंडोज, मग "विंडोज फायरवॉल विथ अ‍ॅडव्हान्स्ड सिक्युरिटी", आणि त्यात फायरवॉल. यादी मोठी असेल, घाबरू नकोस. 2003 क्रमांकाच्या नोंदी बघ (नाना, तुमच्या सालाशी संबंध नाही). सेटिंग बदललं की ती नोंद पडते. तिच्यात वेळ असते, आणि खाली "मॉडिफाइंग यूजर" व "मॉडिफाइंग अ‍ॅप्लिकेशन" असतं. शेवटचं मला हवंय.

बंडू

ताई, सापडला!

दोन्ही सर्व्हिस चालू आहेत. 2003 च्या नोंदी ढिगानं. रोज सकाळी लॉगिननंतर लगेच तीन नोंदी, तिन्ही प्रोफाइलच्या, एकाच क्षणी. अ‍ॅप्लिकेशनच्या जागी नेटएसएच डॉट इएक्सइ. हा व्हायरस आहे का?

मंदाताई

नाही रे, ते विंडोजचंच आहे. काळ्या खिडकीत हुकूम देऊन नेटवर्कची सेटिंग बदलायचं साधन. म्हणजे कुठेतरी एक हुकूम लिहून ठेवलाय आणि लॉगिन झालं की तो चालतो. टास्क शेड्युलर बघ, ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं (टास्क) तिथे नोंदलेली असतात. नुसत्या स्टार्टअप फोल्डरमध्ये असता तर त्याला अ‍ॅडमिनची परवानगी लागली असती. ती नसती तर हुकूम चाललाच नसता, नाहीतर रोज "यस" विचारणारी खिडकी आली असती. हुकूम चालतोय आणि ती खिडकी येत नाही, म्हणजे "हायेस्ट प्रिव्हिलेजेस"वाला, पूर्ण अधिकारानं चालणारा टास्क असणार. सापडला तर डिलीट करू नकोस, आधी डिसेबल कर.

बंडू

मंडळी, उलगडा झाला.

टास्क होता. त्यात एक बॅच फाइल (हुकूम लिहून ठेवायची फाइल), फाइलीत एकच ओळ, तिन्ही प्रोफाइल ऑफ. फाइलीची तारीख बघितली आणि भावाला विचारलं, या सुमारास कोण आलं होतं? थोडा वेळ आठवून म्हणाला, "अंगठ्याची मशीन लावून द्याले तो पोरगा आलता. मशीन लागे ना, मंग त्यानं काहीतरी केलं अन् लागली." त्यानं काय केलं ते आता कळलं. चहा, पोहे घेऊन गेला म्हणे.

टास्क डिसेबल केला, फायरवॉल चालू केली, रीस्टार्ट मारला. चालू राहिली. पण आता भावाची छाती धडधडतेय, अंगठा लागेल ना? तो नाही लागला तर ओट्यावरची माणसं मलाच धरतील.

मंदाताई

लागेल. त्या पोराचा गैरसमज कुठे झाला ते सांगते, भावालाही सांग. अंगठ्याच्या मशीनसोबत आरडी सर्व्हिस नावाचा प्रोग्राम बसतो. ब्राउझरमधलं पान त्याच्याशी बोलतं ते 127.0.0.1 या पत्त्यावर, 11100 ते 11120 यांतल्या एखाद्या पोर्टवर (मशीनच्या क्रमांक दिलेल्या दारावर). 127.0.0.1 म्हणजे तेच मशीन. हे बोलणं घराबाहेर जातच नाही, त्यामुळे विंडोजची फायरवॉल त्याच्या आड येत नाही. आणि तिथून पुढे सर्व्हरकडे जाणारी विनंती ही बाहेर जाणारी असते. फायरवॉल मुळात अडवते ती न बोलावता आत येणारी. मशीन त्या दिवशी लागत नव्हती त्याचं कारण दुसरंच काही असणार, बहुतेक आरडी सर्व्हिस सुरूच झाली नसावी. त्यानं पाच गोष्टी एकदम केल्या, त्यातल्या एकीनं काम झालं, आणि श्रेय फायरवॉल बंद केल्याला गेलं.

बंडू

लागला. पहिला अंगठा आमच्या शेजारच्या आजीचा. शेतात राबून रेषा झिजल्यात, त्यामुळे दोनदा पुसून लावावा लागला, पण तो त्रास आधीही होताच.

नाना

शाबास. पण एवढ्यावर थांबू नकोस. ज्या माणसानं फायरवॉल बंद करायचा कायमचा बंदोबस्त केला, त्यानं आणखी काय केलं असेल? दूरून लॅपटॉप चालवायचा प्रोग्राम ठेवून गेलाय का? डिफेंडरच्या एक्सक्लुजनमध्ये (तपासायचं नाही अशा जागांच्या यादीत) अख्खा सी ड्राइव्ह टाकलाय का? अ‍ॅडमिनचं एखादं जादा खातं? या मशीनवर गावाचे आधार क्रमांक आणि बँकेचे व्यवहार आहेत. तुझ्या-माझ्या लॅपटॉपसारखं नाही ते.

मंदाताई

नाना बरोबर बोलतायत. शिवाय हॉटस्पॉटचं नेटवर्क "पब्लिक"च राहू दे, प्रिंटर दिसत नाही म्हणून कोणी प्रायव्हेट करायला सांगितलं तरी. प्रिंटर यूएसबीनं जोड.

आणि विंडोज 10 चा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय. वाढीव सुरक्षा अपडेट 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळतात, पण त्यासाठी नाव नोंदवावं लागतं. अपडेटच्या पानावर तो पर्याय दिसतो का बघ. परत निघण्याआधी तेवढं कर.

बंडू

दूरून चालवायचा प्रोग्राम निघाला, नाना. त्याला पासवर्डही ठेवलेला होता, भावाला माहीत नसलेला. काढून टाकला. एक्सक्लुजनमध्ये डाउनलोड्स फोल्डर होतं, तेही काढलं. जादा खातं नाही. बँकेचे आणि पोर्टलचे पासवर्ड भाऊ आज रात्री बदलतोय, आणि माझ्या फोनवरून, त्या लॅपटॉपवरून नाही.

अपडेटचा पर्याय दिसतोय. डाउनलोड मोठं आहे आणि नेटवर्क इथे गच्चीवरच नीट मिळतं, म्हणून लॅपटॉप वर नेऊन ठेवलाय. आई विचारून राहिली, त्याला वाळत घातलं काय.